मणक्याची गादी आणि सहा आठवडे

सुरतेत हिऱ्याच्या घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर, बसलेला कारागीर तासन्‌तास एकाच बैठकीत वाकलेला असतो. तिथल्याच उधना-लिंबायतच्या लूमवर खानदेशातून आलेला आपला माणूस बारा तासांची पाळी उभ्याने काढतो आणि ताके उचलतो. एक दिवस कंबरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत, तिथून पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरते. एमआरआय निघतो, ‘गादी सरकली’ एवढे कानावर पडते आणि घर हादरते. आता ऑपरेशनच, अशी सगळ्यांची समजूत होते. ही समजूत बहुतेक रुग्णांच्या बाबतीत चुकीची आहे, असे माझे म्हणणे आहे.

मणक्यांमधल्या गादीच्या कडक कड्याला चीर पडते, आतला मऊ गर बाहेर येतो आणि शेजारच्या नसेला दाबतो. नुसत्या दाबाने एवढी कळ येत नाही. त्या गरामुळे नस सुजते, म्हणून ती ठणकते. पण बाहेर आलेला गर शरीर परका मानते. भक्षक पेशी तो हळूहळू खातात, त्यातले पाणी आटते. म्हणूनच फोटोत भयंकर दिसणारा, गादीपासून सुटलेला मोठा तुकडा पुष्कळदा लहान फुगवट्यापेक्षा अधिक विरघळतो. उलट, कसलाही त्रास नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा आढावा 2015 साली निघाला, तेव्हा विशीतल्या सुमारे तीस टक्के लोकांची गादी फुगलेली आढळली. तेव्हा उपचार करायचा तो माणसावर, फोटोवर नव्हे.

‘ऑपरेशनने लवकर बरे वाटते,’ हा आक्षेप खरा आहे. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या, म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या याच कळेच्या, 283 रुग्णांवर झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लवकर ऑपरेशन ठरवलेल्या गटाला बरे वाटायला साधारण चार आठवडे लागले, ऑपरेशन लांबवून थांबलेल्या गटाला बारा. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करावेच लागले. मात्र वर्षाअखेर दोन्ही गटांत 95 टक्के लोक बरे होते. म्हणजे ऑपरेशनने वेळ वाचतो, पण वर्षभराने हाती येणारा निकाल बदलत नाही. थांबणे म्हणजे खाटेवर पडून राहणेही नव्हे. 1999 सालच्या एका चाचणीत झोपून राहिलेले आणि हिंडते-फिरते रुग्ण बारा आठवड्यांनी सारखेच, 87 टक्के, सुधारले होते. दुखण्यावरची गोळी, सोसेल तेवढे चालणे, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम, वजन उचलणे बंद, बैठक मोडत राहणे, सहा आठवडे एवढेच करायचे. मात्र लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचे. अशा वेळी थांबणे घातक आहे.

सगळ्यात जड आक्षेप रोजीचा आहे. नगावर मजुरी मिळवणाऱ्याने सहा आठवडे हलके काम करून खायचे काय? आयुष्मान कार्डावर इस्पितळात दाखल होऊन केलेले ऑपरेशन बसते, पण बाहेरून येऊन घेतलेली फिजिओथेरपी बसत नाही. मग गरीब माणूस सुरीकडे ढकलला जातो, त्याला दोष कसा द्यावा? ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, आजारपणात 91 दिवसांपर्यंत सत्तर टक्के पगार मिळतो, पण नोंदणी असेल तरच. म्हणून कारखानदारांकडे आणि महापालिकेकडे मागायचे ते हेच: प्रत्येक कारागिराची ईएसआय नोंद, आणि पाळी सुटल्यावरही उघडी राहणारी फिजिओथेरपीची खोली.