आधी तपासा, मग रीलोड करा

राजारामपुरीत दुकानांच्या वरच्या मजल्यांवर बसून लोकांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलामुलींशी आज मला बोलायचं आहे.

या साइट चालवणाऱ्या सर्व्हरपैकी अपाचे १९९५ सालचा, एंजिनएक्स २००४ सालचा. दोघांचेही नियम साध्या फायलींत लिहिलेले असतात. एंजिनएक्सच्या फायलीत एक सेमीकोलन सुटला आणि तुम्ही सर्व्हर रीस्टार्ट केलात, तर तो बंद होतो आणि पुन्हा उठत नाही. त्यावर दहा दुकानदारांच्या साइट असतील तर दहाही बंद. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी एखाद्या सराफाला हे परवडेल का?

टर्मिनलवर एक ओळ लिहिली की हे टळतं. एंजिनएक्सचं नाव आणि पुढं डॅश टी. अपाचेला अपाचेसीटीएल कॉन्फिगटेस्ट. सोबत सुडो हवं, नाहीतर प्रमाणपत्राची खाजगी की वाचता येत नाही. चालू साइटला धक्का लागत नाही आणि चूक असेल तर फायलीचं नाव व ओळीचा क्रमांक समोर येतो. नवशिकी मुलं इथंच अडतात. चूक चाळिसाव्या ओळीत दाखवलेली असते आणि ती ओळ तर स्वच्छ दिसते. अशा वेळी एकोणचाळिसावी बघा. सेमीकोलन बहुधा तिथं राहिलेला असतो, सर्व्हरला ते पुढच्या ओळीवर आल्यावर कळतं. महिरपी कंस बंद करायचा राहिला, तर सर्व्हरचं बोट थेट फायलीच्या शेवटाकडं जातं.

तपासणी झाली की रीलोड करा, रीस्टार्ट नको. रीलोड करताना नवी फाइल पटली नाही, तर एंजिनएक्स जुन्या नियमांवर काम चालू ठेवतो.

मात्र ही तपासणी लिखाण बघते, हेतू नाही. पाकिटावर पाचव्या गल्लीऐवजी आठवी गल्ली लिहिली तरी पत्ता बिनचूकच दिसतो! चुकीचा पोर्ट लिहिलात तर तो तसाच पास होईल. शिवाय तपासणीही चुकू शकते. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सॲप आणि फेसबुक काही तास बंद पडले, ते देखभालीच्या एका कमांडमुळं. अशी कमांड अडवणारं तपासणीचं साधन फेसबुक कंपनीकडं होतं, पण त्यातच बग निघाला.

म्हणून रीलोडनंतर प्रत्येक साइट स्वतः मोबाइलवर उघडा, एरर लॉग वाचा, आणि बदलाआधीच्या फायलीची प्रत हाताशी ठेवा.