कानाने वाचताना: ड्रॅगन, डंजन आणि 'पानी'

आज ऑडिओबुकबद्दल बोलायचंय. आणि आधीच सांगतो, ऐकलेलं पुस्तक 'वाचलं' म्हणायचं की नाही, या वादात मी पडणार नाही. पुलंची 'म्हैस' आपल्याकडे कित्येकांना पाठ आहे, ती कॅसेट ऐकूनच ना? मग झालं तर.

माझा मुद्दा वेगळा आहे. पुस्तक कुठल्या आवाजात ऐकतोय, यावर सगळं अवलंबून असतं, आणि प्रत्येक प्रकारच्या पुस्तकाला वेगळा आवाज लागतो.

फँटसी घ्या. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची दोन वाचनं प्रसिद्ध आहेत. एक रॉब इंग्लिस यांचं, जुनं. दुसरं अँडी सर्किसचं, २०२१ मधलं. सर्किस म्हणजे सिनेमातला गॉलम, त्यामुळे गॉलमचं काय सांगायचं, अंगावर काटा येतो. पण तो कधी कुजबुजतो, कधी ओरडतो. लोकलमध्ये ऐकत असाल तर सारखं व्हॉल्यूम खालीवर करत बसाल. इंग्लिस आजोबांसारखे एका लयीत सांगतात, गाणीसुद्धा स्वतःच गातात. रात्रीच्या एसटीला माझं मत इंग्लिसना. फँटसीची एक अडचण मात्र दोघांकडेही आहे: नावं. सॉरॉन आणि सारुमान कागदावर वेगळे दिसतात, पण कुर्ला स्टेशनच्या गोंगाटात दोघं एकच वाटतात. मागचं पान चाळायची सोय नाही. म्हणून नकाशाचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि स्पीड सव्वापटीच्या वर नेऊ नका.

आता गेमिंगवाली पुस्तकं. याला लिटआरपीजी म्हणतात, म्हणजे अशी कादंबरी ज्यात जग गेमच्या नियमांनी चालतं. लेव्हल वाढते, पॉइंट मिळतात, सगळं. छापील पुस्तकात हे आकडे चौकटीत असतात, डोळा सरळ उडी मारून पुढे जातो. कानाला उडी मारता येत नाही! शक्ती बारा, चपळता नऊ, असं दर प्रकरणात ऐकायचं म्हणजे प्लॅटफॉर्मवरची घोषणा ऐकल्यासारखं. मी अशी दोन-तीन पुस्तकं अर्ध्यात सोडली आहेत.

आणि मग येतं मॅट डिनिमनचं 'डंजन क्रॉलर कार्ल'. कार्ल नावाचा माणूस मध्यरात्री बॉक्सरवर, मांजर शोधायला बाहेर येतो आणि तेवढ्यात पृथ्वीवरच्या सगळ्या इमारती जमीनदोस्त होतात. वाचलेल्यांनी अठरा मजल्यांच्या भुयारात उतरून लढायचं आणि परग्रहावरचे लोक ते रिॲलिटी शोसारखं बघणार. सोबत ती मांजर, प्रिन्सेस डोनट, जी बोलायला लागते आणि मग थांबतच नाही. वाचन जेफ हेजचं. त्याने काय केलंय, तर ज्या घोषणा इतर पुस्तकांत कंटाळवाण्या होतात, त्याच घोषणा करणाऱ्याला एक खडूस, खुनशी पात्र करून टाकलंय. आपण आकड्यांची वाट बघायला लागतो. हे पुस्तक मी कागदावर घेऊ नका असंच सांगेन. फक्त हेडफोन लावा, घरात स्पीकरवर नको. शिव्या भरपूर आहेत.

'रेडी प्लेअर वन' पण आहे, विल व्हीटनने वाचलेलं. गंमत म्हणजे पुस्तकात त्याचं स्वतःचं नाव येतं. बाकी ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकी सिनेमांची आणि गेम्सची यादी ऐकून मी तरी दमलो.

आता आत्मकथन. इथे माझं मत कडक आहे: शक्य असेल तर ज्याचं आयुष्य त्याचाच आवाज. ट्रेव्हर नोआचं 'बॉर्न अ क्राइम' ऐका. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचा कायदा असताना काळी आई आणि गोरे वडील यांच्या पोटी जन्म, म्हणून जन्मच गुन्हा. त्यात एक प्रसंग आहे. रस्त्यावर मागून येणारी काही मुलं त्याला लुटायचं ठरवतायत, झुलू भाषेत. त्याला ती भाषा येते. तो वळतो आणि झुलूतच बोलतो. छापलेलं झुलू वाक्य आपण वाचून सोडून देतो. कानावर पडलं की कळतं, त्या एका वाक्याने तो कसा वाचला असेल.

हे ऐकलं आणि मला आपली पुस्तकं आठवली. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं. ते स्वतः आता नाहीत, म्हणजे वाचणारा दुसराच असणार. कोण असावा? मध्यंतरी मी एक मराठी आत्मकथन ऐकलं, नाव नको. छापील पुस्तकात आई 'पानी' म्हणते. वाचणाऱ्या बाईंनी ते सुधारून 'पाणी' केलं. सगळीकडे. आवाज गोड, उच्चार एकदम बातम्यांसारखे. अरे पण त्या 'न'वरूनच तर शाळेत लोक हसायचे ना! माझी आई आजही 'पानी'च म्हणते, आणि शाळेत मीही ते हसणं ऐकलंय. लेखकाने तो 'न' मुद्दाम ठेवला होता. तुम्ही तो पुसलात तर त्या बाईला तिच्याच गोष्टीत गप्प केलंत.

आता एआयचे आवाजही आलेत. गेमिंगच्या पुस्तकातल्या घोषणेला चालून जाईल, माझी हरकत नाही. पण 'आयदान' किंवा 'उचल्या' यंत्राने वाचायचं? त्या यंत्राला 'पानी' आणि 'पाणी' यात नेमकं काय अडकलंय, हे कोण सांगणार? त्यापेक्षा त्या भागात वाढलेला, थोडा अडखळणारा माणूस चालेल मला. मागे कोंबडा आरवला तरी चालेल.

तर तुमच्याकडे काम: घरातल्या कुणाच्या आवाजात, कुठलं पुस्तक ऐकायला आवडेल? मी आईला 'आयदान'ची दोन पानं वाचायला दिलीयेत. पहिला टेक झाला, मध्येच कुकरची शिट्टी झाली. तिने सांगितलंय, ती काढायची नाही.