बोळातली पाइपलाइन

आमच्या गटातल्या एका ताईंचं घरकुल सुरू झालं. खडीचा डंपर सामाईक बोळातून आत आला आणि मातीखालची नळाची लाइन फुटली. चार घरांना गढूळ पाणी आलं, शेजारणींनी अबोला धरला.

मग आम्ही गटाच्या बैठकीत ठरवलं. बांधकामाआधी पाणी सोडणाऱ्या दादांना बोलवायचं, लाइन कुठून जाते ते विचारून वर फक्की मारायची. डंपर रस्त्यावरच रिकामा करायचा, खडी घमेल्यानं आत न्यायची. लाइनीजवळ जेसीबी लावायचा नाही. कुदळही हलक्या हातानं मारायची. पाइप फुटलाच तर नुसती माती ओढू नका; पाणी बंद असताना त्याच फटीतून घाण आत शिरते. दुरुस्तीनंतरही पिण्याचं पाणी उकळून घ्या.

परवा दुसऱ्या घराचं काम निघालं, तेव्हा फक्की त्या ताईंनीच आणून दिली.