ध्वजाची न दिसणारी पट्टी

वस्तू टिकाऊ आहे की नाही, हे डोळ्यांत भरणाऱ्या रंगावरून कळत नाही. ताण जिथे पडतो तिथे पाहावे लागते. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत शिवला जाणारा राष्ट्रध्वज याचा चांगला पुरावा आहे. त्याची खादी लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या केंद्रात विणतात. भारतीय मानक ब्युरोने ध्वजाचे नऊ आकार ठरवून दिले आहेत. सर्वांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटरचा. प्रमाण मात्र सगळीकडे ३:२ आणि चक्राचे आरे २४. आपल्याला दिसतात ते तीन रंग आणि चक्र. पण दोरी जिच्यातून जाते ती काठीकडची पट्टी वेगळ्या, जाड खादीची असते, कारण वाऱ्याची सारी ओढ तिलाच सोसावी लागते.

इतक्या काटेकोर नियमांत सौंदर्यदृष्टीला वाव कुठे, असे कुणी विचारील. माझ्या मते प्रमाण पक्के असते म्हणूनच शिवणीतला बारीकसा फरकही नजरेला खटकतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली. पॉलिस्टरच्या आणि यंत्रावर बनलेल्या ध्वजांनाही मुभा मिळाली. ते स्वस्त पडतात, मग घरोघरी पोहोचले तर बिघडले काय? काहीच नाही. पण फाटका ध्वज फडकवू नये, असे तीच संहिता सांगते. म्हणजे ध्वजाचे मोल खरेदीच्या दिवशी ठरत नाही, तो फडकवण्याच्या लायकीचा किती काळ राहतो यावर ठरते. ध्वज असो की बाजाराची पिशवी, घेण्यापूर्वी काठ आणि शिवण उलटून पाहावी. आणि खादीचा दर जास्त वाटला, तर सूत कातणाऱ्या आणि उदगीरला माग चालवणाऱ्या हातांची मजुरी त्यातच आहे, हेही हिशेबात धरावे.