पाहुणे टोळ, घरचे नाकतोडे

सन्माननीय संमेलनाध्यक्ष, उद्घाटक, महाराष्ट्रातून रेल्वेचा लांबचा प्रवास करून आलेले कीटक-अभ्यासक आणि चेन्नईकर मित्रहो,

स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. आमचे मराठी तंजावरी वळणाचे. कानाला थोडे निराळे लागले तर सांभाळून घ्या.

संमेलन चेन्नईत कशाला, असे काहींनी विचारले म्हणे. प्रा. टी. एन. अनंतकृष्णन यांनी १९६३ मध्ये इथल्या लोयोला कॉलेजात कीटकशास्त्र संशोधन संस्था सुरू केली. ते स्वतः फुलकिड्यांचे जाणकार, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जिवांचे. अशा गावात नाकतोडा तर मोठ्या जनावरांतच जमा!

मे २०२० आठवा. वाळवंटी टोळ अमरावती-नागपूरकडे संत्र्याच्या बागांपर्यंत पोचले होते. त्याच महिन्यात आमच्या कृष्णगिरी जिल्ह्यात नेरळगिरीला रुईच्या झुडपांवर किडे दाटलेले दिसले आणि टोळधाड आली म्हणून एकच हाकाटी झाली. जाणकारांनी पाहून सांगितले, हे इथलेच नाकतोडे. गावकऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. टोळ हाही नाकतोडाच. एकटा वाढला तर बुजरा. गर्दीत मागच्या पायांना सारखा स्पर्श होत राहिला की शरीरात सेरोटोनिन वाढते आणि काही तासांत तो इतरांकडे ओढला जातो. एकटा आणि झुंडीतला हे एकाच जातीचे दोन अवतार, हे कीटकशास्त्रज्ञ उवारोव यांनी १९२१ मध्ये मांडले. मुंबईचे नाव लावणारा ‘बॉम्बे लोकस्ट’ विसाव्या शतकाच्या आरंभी सह्याद्रीच्या आसऱ्याने झुंडी करून पिकांवर पडत असे. शतकभर त्याची तशी धाड नाही. किडा मात्र आहे, गवतात, एकेकटा. धाड आली की फवारे आणि पैसा दोन्ही निघतात. शांततेच्या वर्षांत या गवतातल्या किड्याची नोंद ठेवायला कोण जातो? माझ्या मते आपले खरे काम तेच.

नाकतोड्यांच्या नात्यातल्या रातकिड्यांचे तर काय सांगावे! कान पुढच्या पायांवर, गाणे पंखांच्या घासण्यातून, आणि गाणारा फक्त नर. झाडावरच्या एका रातकिड्याचा नर रानतुळशीचे पान मधोमध कुरतडतो, भोकातून डोके बाहेर काढतो आणि पंख पानाला टेकवून गातो. पान त्याचा कर्णा होते. नताशा म्हात्रे, रोहिणी बालकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की तो पान मोठे निवडतो आणि भोकही नेमके आपल्या पंखांच्या मापाचे पाडतो. पुढच्या अभ्यासात कळले, की ही युक्ती जास्त करून लहान चणीचे आणि बारीक आवाजाचे नर करतात. मोठ्या आवाजाकडे माद्या वळतात, त्यावर हा तोडगा.

रात्री जेवणानंतर आवारात फेरी आहे. बॅटरीला लाल कागद लावा, बूट घाला, आणि भ्रमणध्वनी कृपया खोलीवरच ठेवा. तमिळ सिनेमाच्या रिंगटोनपुढे कुठलाही नर टिकत नाही. नाश्त्याला पोंगल आणि कॉफी सातला. सव्वासातला संपते, हे अनुभवाचे बोल!

आता उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावे, अशी विनंती करतो.