माळावरची चुनखडीची जमीन



माळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती उघडीबोडकी, दगडगोट्यांची, उन्हात भाजून निघालेली जागा. "माळावर काय पिकायचे आहे?" असे म्हणून आपण तिला एका वाक्यात निकालात काढतो. नाही तर दुसऱ्या टोकाला जातो. हाती चार पैसे आले की यंत्र लावून माळ फोडतो आणि फळबाग उभी करायच्या मागे लागतो. या दोन्ही वाटा चुकीच्या का, आणि तिसरी वाट कोणती, एवढेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

मी बोलतो आहे ते माण, खटाव, सांगोला, आटपाडी, जत या बाजूच्या माळांविषयी. तिथे पुष्कळ ठिकाणी वीत-दोन वीत खोल, करड्या-भुरकट रंगाची पोयट्याची माती सापडते. ढेकूळ हातात चुरडले तर सहज मोकळे होते. खाली पहार घातली की पांढऱ्या खड्यांचा थर लागतो. हीच आपली चुनखड.

हा चुना आला कुठून? कुणी आणून टाकलेला नाही. तो आपल्या काळ्या पाषाणातूनच आला. या पाषाणात कॅल्शियम भरपूर असते. दगड झिजतो, त्याची माती होते, तसे ते कॅल्शियम मोकळे होऊन पाण्यात विरघळते. पुढचे सारे पावसाच्या हाती. एका सातारा जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. पश्चिमेला महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तो सगळा चुना धुऊन नेतो आणि मागे तांबडी, आंबट माती राहते. पूर्वेला माणमध्ये पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या पाण्याने चुना वाहून जात नाही. तो हातभर खाली उतरतो, पाणी उन्हाने उडून जाते आणि चुना तिथेच थिजतो. शेकडो-हजारो वर्षे असे होत गेले, तेव्हा हा थर बसला. म्हणजे चुनखड ही कमी पावसाची खूणच म्हणायची.

आता ती ओळखायची कशी? मातीचे कोरडे ढेकूळ बारीक करा, त्यावर लिंबू पिळा आणि कान जवळ न्या. चुर्र आवाज आला, बुडबुडे दिसले, की चुना आहे असे समजा. मात्र तो किती आहे, हे लिंबू सांगणार नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. २०१५ सालापासून मृद आरोग्य पत्रिका मिळू लागली. तिच्यात १२ गोष्टींची नोंद असते, पण त्या १२ मध्ये चुनखडीचे प्रमाण नाही. तेव्हा नमुना देताना "मुक्त चुनखडीही तपासून द्या" असे वेगळे सांगायला विसरू नका. नमुने दोन द्यावेत, एक वरच्या वीतभर थराचा आणि दुसरा त्याखालचा. झाडाची मुळे खालच्या थरातही जातात ना!

या जमिनीचे गुण आधी सांगतो. कॅल्शियममुळे मातीचे कण एकमेकांना धरून रवाळ होतात. त्यामुळे माती मोकळी राहते, पाणी मुरते, मुळांना हवा मिळते. चोपण जमिनीसारखी ती पावसात चिखल आणि उन्हात दगड होत नाही. चोपण आणि चुनखड यांची गल्लत मात्र करू नका. चुनखडीच्या जमिनीचा सामू साधारण साडेसात ते साडेआठ असतो. चोपणात सोडियम मातलेले असते आणि सामू साडेआठाच्या वर चढतो. जिप्सम हे चोपणाचे औषध आहे. जमीन चोपण नसेल, नुसती चुनखडीची असेल, तर तिला जिप्सम घालणे म्हणजे भरल्या रांजणात घागर ओतणे. पैसे तेवढे जातील.

आता दोष. या जमिनीत अन्न नसते असे नाही; ते कुलपात असते. सुपर फॉस्फेट फोकून दिले तर त्यातला स्फुरद चुन्याला चिकटून बसतो, पिकाच्या मुखी थोडाच लागतो. म्हणून ते शेणखतात मिसळून, बियाण्याच्या ओळीजवळ, मातीआड पेरून द्यावे. युरिया वर टाकून ठेवला तर त्याचा अमोनिया होऊन हवेत उडतो. तोही मातीआड करावा आणि शक्य तर लगोलग पाणी द्यावे.

सर्वांत मोठी अडचण लोहाची आणि जस्ताची. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उसात याला आपण केवडा पडला असे म्हणतो. भुईमुगातही तो दिसतो. अशा वेळी हिराकस नुसता जमिनीवर टाकून उपयोग नाही, चुना त्यालाही गिळतो. तो शेणखतात मुरवून द्यावा, किंवा १०० लिटर पाण्यात अर्धा किलो विरघळवून पानांवर फवारावा. शेणखत हीच या कुलपाची खरी किल्ली आहे, बरं का.

आता तुम्ही म्हणाल, "ते सगळे ठीक, पण या माळात लावू काय?" उत्तर पहारीला विचारा. चार ठिकाणी खणून पहा.

चुनखडीचा थर वीतभरातच लागला, तर ती जमीन गवताची. तिला नांगर लावू नका. वरची वीतभर माती हीच तिथली सारी पुंजी. नांगरटीने ती सुटी झाली की वळवाच्या एका सरीत ओढ्याला जाईल आणि खालचा पांढरा थर उघडा पडेल. मग ना गवत, ना पीक.

पण गवताची जमीन म्हणजे टाकाऊ जमीन नव्हे. पवन्या, मारवेल, अंजन ही आपली गवते अशा मातीत चांगली येतात, आणि माणदेशच्या मेंढ्यांनी व खिलार जनावरांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांवरच जीव धरला. आज आपल्या माळांवर मारवेल कमी आणि कुसळीच फार दिसते. तो दोष चुनखडीचा नाही, बेसुमार चराईचा आहे. जनावर गोड गवत आधी मुळापर्यंत खाते, त्याला बी धरू देत नाही. कुसळी मागे राहते आणि तीच पसरते. पुढे तिचे कुसळ मेंढीच्या लोकरीतून कातडीत शिरते, तोंडाला जखमा करते.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. माळाचे तीन-चार भाग पाडा आणि दर साली एक भाग पावसाळाभर राखा. बी पडून गेले की मगच तो कापा किंवा चारा. कुसळी मात्र कुसळ धरण्याआधीच कापून घ्या. माळाला आग लावू नका. उतारावर समतल चर काढून पाणी अडवा. मृगाच्या पहिल्या पावसावर मारवेलीची ठोंबे आणि स्टायलोचे बी लावा. आणखी एक गोष्ट. या चाऱ्यात कॅल्शियम असते, पण स्फुरद कमी पडू शकतो. गाय हाडूक किंवा चिंधी चघळू लागली तर तिला खोड लागली असे समजून मारू नका. बहुधा तिला स्फुरद हवा असतो. क्षारमिश्रण द्या आणि पशुवैद्याला दाखवा.

माती हातभर खोल असेल, तर बोर, सीताफळ, डाळिंब यांचा विचार करावा. सांगोला-आटपाडीच्या डाळिंबांनी नाव काढले ते अशाच कोरड्या मुलखात. खड्डा घेताना वरची माती एका अंगाला व खालची चुनखड दुसऱ्या अंगाला टाका, आणि भरताना वरची माती व शेणखतच आत जाऊ द्या. ठिबकाच्या पाण्यातही चुना असतो. तो तोट्या बुजवतो, तिकडे लक्ष ठेवा.

परंतु मोसंबी, संत्रे, लिंबू यांच्या वाटेला तपासणीवाचून जाऊ नका. चुनखड शेकडा दहाच्या वर असेल तर ही झाडे टिकत नाहीत. आणि फसवणूक अशी की पहिली दोन-तीन वर्षे बाग डोळ्यांत भरते. मुळे खालच्या थराला टेकली की पिवळी पडू लागते. तोवर विहीर खोदलेली असते, कर्ज काढलेले असते, आणि ज्या गवतावर घरची मेंढरे जगत होती ते गवतही गेलेले असते. माती तपासण्याचा खर्च किती आणि हा तोटा किती, तुम्हीच हिशेब करा.

या मातीचा आपल्या वडिलांना वीट नव्हता. गावच्या वस्तीला ते 'पांढरी' म्हणत आणि शेताला 'काळी'. पांढऱ्या मातीच्या गढ्या त्यांनी उभारल्या. चुनखड भट्टीत भाजून, बैलांच्या घाण्यात मळून जो चुना केला, त्याने वाडे आणि किल्ले सांधले. कुठली माती कशाला, हे त्यांना ठाऊक होते. आपल्या हाती त्यांच्या पहारीखेरीज प्रयोगशाळाही आहे. तेव्हा येत्या उन्हाळ्यात माळ फोडण्याआधी एकदा तो खणून पहा, मातीचे दोन नमुने पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत नांगर उभा ठेवा.