बाळाचं नाव आणि गावाची हाक



बाळाच्या नावावर व्याख्यान कसलं, असं ज्यांना वाटलं असेल त्यांच्या घरात अलीकडे बारसं झालेलं नसणार. ज्यांच्याकडे झालंय, त्यांना ठाऊक आहे की पाळणा सजवणं सोपं. त्याच्याआधी आठवडाभर जी मतं ऐकावी लागतात, ती अवघड. पुण्याच्या मामाने यादी पाठवलेली असते, सुरतेला उधन्यात राहणाऱ्या काकाला ती जुनाट वाटते, आणि मावशी म्हणते, ‘या नावाची आमच्या गल्लीत आधीच तीन पोरं आहेत.’

पूर्वीही मतं होतीच. पण बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान फुईचा, म्हणजे आत्याचा. ती सासरी असली तरी आखाजीला, दिवाळीला माहेरी यायची आणि त्या नावानं पोराला हाक मारायची. आज नाव सुचवणारे बहुतेक जण त्या मुलाला वर्षाकाठी दोनदा भेटतात. हाक मारतात ती घरातली आजी आणि ओट्यावरची शेजारीण. नावावर मत द्यायचा पहिला हक्क यांचा, एवढंच मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे. बाकीच्यांनी आपलं मत बारशाच्या आत द्यावं आणि बारशानंतर गप्प बसावं.

आता तुमच्या मतदारयादीतली जुनी पानं डोळ्यांपुढे आणा. दगडू, धोंडू, भिका, भिकन, चिंधा, सुपडू, नथू. शहरातला माणूस हसतो. आधीची मुलं दगावलेल्या घरात नवं मूल आलं की त्याला सुपात घालायचे, चिंधीच्या मोलाचं म्हणायचे, मुलाचं नाक टोचून त्यात नथ घालायचे. हे दगड आहे, हे भिकेत मिळालंय, इथे न्यायसारखं काही नाही, अशी मृत्यूची सरळसरळ फसवणूक. शब्दाचा अर्थ पाहाल तर अपमान, पण तो शब्द उच्चारणाऱ्या आईचा जीव त्या लेकरात अडकलेला. कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या यजमानांचं नाव नथुजी होतं. त्यांच्या घराची हकीकत मला माहीत नाही, पण हे नाव खानदेशात गावोगाव आहे आणि त्यामागे कितीतरी आयांची धास्ती आहे.

याच्या शेजारी एक दुसरं नाव ठेवतो: नकोशी. वरून पाहिलं तर हेही त्याच रांगेतलं वाटतं. काही लोक तसं सांगतातही, ‘अहो, दगडूसारखंच आहे ते.’ नाही, तसं नाही. दगडू म्हणणाऱ्यांना मूल हवं होतं. नकोशी म्हणणाऱ्यांना पुढच्या खेपेला मुलगा हवा होता आणि ही त्या वाटेत आलेली. २०११च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात जाहीर समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. त्या समारंभात मला महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, की मुलींनी आपापली नावं स्वतः निवडली. आजवर ज्या नावानं लोक बोलावत होते, त्याबद्दल त्यांचं मत कुणी विचारलंच नव्हतं. हाक मारणाऱ्याचा हक्क पहिला असं मी म्हटलं, पण ती हाक ऐकणाऱ्याला बोचत असेल तर तो हक्क संपला. घरातल्या सावळ्या मुलीला लाडानं ‘काळी’ म्हणणाऱ्या मंडळींनीही हे ऐकून ठेवावं. लाड तुमचा असतो, वर्गात चिडवतात तिला.

जन्माक्षराबद्दल फार बोलत नाही. आर्द्रा म्हटलं की आपल्याला पेरणी आठवते, पंचांगाला आठवतात कू, घ, ङ, छ. हस्ताला पू, ष, ण, ठ. ‘ण’नं सुरू होणारं नाव कुणी काढून दाखवावं! भटजीसुद्धा तिथे बाजूच्या अक्षरावर सरकतात. ते सरकतात, तर आपणही सरकावं. आणि रियांश, विहान या नावांना नाकं मुरडणाऱ्या माझ्या वयाच्या लोकांना सांगतो, बहिणाबाईंच्या माहेरी, आसोद्याच्या महाजनांकडे, त्यांच्या भावांची नावं घमा, गना आणि घना होती. नावांत नाद जुळवायची हौस आजच्या आईबापांनी शोधून काढलेली नाही.

उच्चाराकडे येतो, कारण खरी भांडणं तिथे आहेत. आपल्या खानदेशी बोलीत डोळ्याचा डोया होतो, जळगावचं जयगाव होतं, तशी तुळसाबाईची तुयसाबाई होते. शिकलेला नातू आजीला दुरुस्त करतो. पण लक्ष्मणचा लखमन ज्या वाटेनं झाला, त्याच वाटेनं अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली. सणाला आपण अशुद्ध म्हणत नाही, झोके बांधतो. मग लखमननं काय घोडं मारलंय? ‘तुनं नाव काय शे?’ असं विचारणाऱ्या माणसाला त्याच्या जिभेवर बसेल तेच नाव सांगावं.

नाव बिघडतं ते बोलीत नाही, इंग्रजी अर्जात. के, ए, एम, ए, एल एवढी अक्षरं लिहा. वाचणारा कमल वाचेल, कमळ वाचेल, कमालही वाचेल. बाळकृष्णचा ‘ळ’ तर तिथे जन्मालाच येत नाही. ‘ऋ’ आपण ‘रु’सारखा म्हणतो, हिंदीवाले ‘रि’सारखा, म्हणून एकाच मुलाचा शाळेत ‘क्रुष्णा’ आणि आधारवर ‘क्रिश्ना’ होतो, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला की बाप तहसीलला खेटे घालतो. तेव्हा नावावर वाद घालणाऱ्या मंडळींनी थोडा वेळ स्पेलिंगवर घालवावा. पहिल्या कागदावर जे लिहाल, तेच शेवटपर्यंत.

टोपणनावं मात्र कुणाच्या हातात नसतात. धरणगावला १८९०मध्ये जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ म्हटलं गेलं. तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचे होते, म्हणून ते शोभलं. १९१८मध्ये भादलीजवळ रेल्वे अपघातात ते गेले तेव्हा अठ्ठावीसही पुरे नव्हते. त्यामुळे ते नाव कधी तोकडं पडलंच नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातले पांडुरंग सदाशिव साने ‘गुरुजी’ झाले, ते असे झाले की नोकरी सुटली तरी गुरुजीच राहिले. आजही आपल्या जळगाव जिल्ह्यात ‘एकनाथ खडसे’ म्हणणारा बाहेरचा, ‘नाथाभाऊ’ म्हणणारा इथला. जिभाऊ, आप्पा, नाना, आबा यांची खरी नावं कित्येकदा लग्नाच्या पत्रिकेत वाचून कळतात.

एक चिठ्ठी आली आहे: बारसं झालं, जन्मदाखल्यावर नाव घातलं नाही, आता काय? घाबरू नका. जन्माची नोंद एकवीस दिवसांत व्हायला हवी. नाव मागाहून घालता येतं. बारा महिन्यांत शुल्क नाही, त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत मुभा आहे. पण १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांना शाळेपासून आधारपर्यंत जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा आहे, म्हणून उशीर नको. आणि १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा सरकारी क्रम आहे. म्हणजे नाव ठरवताना आता चार शब्द एका दमात म्हणून पाहायचे. आजीकडून म्हणवून घ्या. ती अडखळली तर अजून बारा महिने हातात आहेत.